भिंगरीचं पहिलं वाचन

वहिनीने टेबलावर ताटं मांडली, मग उचलली, एकेक पुसली आणि पुन्हा मांडली. मास्तरांच्या समोरची खुर्ची तिने खिडकीकडे ओढली आणि लगेच होती तिथे परत लोटली. उजेड जास्त असलेला बरा की कमी, हेच तिला ठरवता येईना. आज त्या खुर्चीवर तिची लेक भिंगरी बसणार होती.

खुर्चीवरच्या उशीखाली तिने पुस्तक सरकवून ठेवलं होतं. कोपरे कुरतडलेलं, पाठीला चिकटपट्टी लावलेलं जुनं पुस्तक. याखेरीज दुसरं कुठलंही पुस्तक आज टेबलावर येता कामा नये, एवढं एकच तिच्या डोक्यात सकाळपासून भणभणत होतं.

या घराची रीतच होती तशी. मूल सात वर्षांचं झालं की वाढदिवसाच्या जेवणाआधी त्याने सगळ्यांसमोर मोठ्याने वाचायचं. वाचून झाल्याशिवाय पातेल्यांवरची झाकणं उघडायची नाहीत. वहिनीच्या सासऱ्यांनी खालच्या मजल्यावर बालवर्ग काढला तेव्हापासूनची ही रीत. त्यांची तिन्ही मुलं त्यांच्याच वर्गात शिकली, आणि वर्गात लागलेलं वळण घरातही सुटलं नाही. आजतागायत ती बापाला मास्तरच म्हणत. मग नात म्हणू लागली, सून म्हणू लागली. आता त्यांना वेगळी हाक मारणारं घरात एकच माणूस उरलं होतं, आणि ते माणूस नुसतं "अहो" म्हणे.

वहिनी चष्म्याच्या दुकानात कामाला होती. डोळे तपासायला आलेली पोरं रांगेत उभ्या उभ्याच भिंतीवरच्या तक्त्याची ओळ पाठ करून टाकतात, हे तिला रोजचं होतं. पुढचा म्हणतो, मागचा ऐकतो, आणि स्वतः खुर्चीवर बसला की सुटतोच. म्हणून मूल फार भराभर बोलायला लागलं की ओळ उलटीकडून विचारायची, ही तिची जुनी सवय.

काल संध्याकाळी ती कपड्यांच्या घड्या घालत होती आणि भिंगरी शेजारी बसून बकरीची गोष्ट वाचत होती. आवाजात चढउतार, जिथे थांबायचं तिथे थांबणं, सगळं झोकात. मध्येच खिडकीबाहेर कुत्रं भुंकलं. भिंगरीने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं, आणि वाचन चालूच राहिलं.

घडी वहिनीच्या हातातच राहिली.

"इथून वाच बरं," तिने पानाच्या मध्यावर बोट ठेवलं.

"तिथून नाही येत," भिंगरी म्हणाली. "सुरुवातीपासून म्हणू?"

वहिनीने आधी तिचे डोळे तपासले. डोळे उत्तम होते. मग वहिनीने एक एक करून सगळं आठवून पाहिलं. शाळेतल्या बाईंनी "तुमच्या घरात काय, शिक्षकांचाच सुकाळ" असं हसून म्हणत भिंगरीला वाचायला लावणं केव्हाच सोडलं होतं. नवरा बोटीवर, सहा-सहा महिने बाहेर. त्याला लेकीचे फक्त फोनवर धाडलेले व्हिडिओ दिसत, आणि त्यांत ती फाडफाड वाचत असे. आणि आपण? या घरात वाचन शिकवायला आपली काय गरज, असं म्हणत आपणही निर्धास्त राहिलो.

आज स्वयंपाकघरात सासूबाई, म्हणजे माई, बटाटे सोलत होत्या. वहिनीने दार लोटून घेतलं आणि एका दमात सगळं सांगून टाकलं.

माईंच्या हातातली सुरी थांबली. "अजिबात येत नाही?"

"गोष्ट येते. वाचता येत नाही."

"मी दोघांकडून वचन घेतलं होतं गं," माई पुटपुटल्या. "पोरीच्या वाटेला जायचं नाही म्हणून."

ते वचन घरात सगळ्यांनाच ठाऊक होतं. भिंगरी बोलायला लागली तेव्हापासून तिच्यावरून मास्तरांची आणि त्यांच्या थोरल्या लेकीची जुंपायची. थोरली ताई परगावी शाळा चालवायची आणि शिक्षकांना शिकवायची. कसं शिकवावं यावर गावोगाव भाषणं द्यायची. मास्तरांचं म्हणणं, आधी अक्षर. ते वाळूत बोटाने गिरवून हातात मुरलं की मग शब्द, मग वाक्य. ताईचं म्हणणं, आधी गोष्ट. मूल गोष्टीमागे धावतं, अक्षरामागे कुणीही धावत नाही. एकदा तर दोघांनी भिंगरीच्या देखत तिच्यावरूनच भांडत जेवण टाकलं होतं. तेव्हा माईंनी दोघांना बजावलं, की पोरीला दोघांनीही शिकवायचं नाही. शाळा काय ती शिकवेल.

"आता बाहेर जाऊन सांगू का, की आज वाचन नको?" वहिनीने विचारलं.

"सांगितलंस की का विचारतील. का सांगितलंस की ते म्हणतील माझ्या वर्गात घाला, आणि ती म्हणेल माझ्याकडे पाठवा. पोर राहील बाजूला." माईंनी बटाटा पाण्यात टाकला. "आजचा दिवस जाऊ दे. जुनं पुस्तक ठेवलंयस ना? म्हणेल ती घडाघडा. उद्या बघू."

वहिनीलाही तेच हवं होतं, म्हणूनच तिला स्वतःची लाज वाटली.

गाडी थांबल्याचा आवाज आला. ताई आली ती हाशहुश करत, आणि तिच्या मागून भाऊजी, वहिनीचा दीर, छापखान्यातल्या शाईने काळी झालेली नखं लपवत. त्याच्या काखेत कागदात गुंडाळलेलं काहीतरी होतं.

"काय आणलंत?" वहिनीने विचारलं.

"ताईला विचारा. मी छापणारा माणूस. शाई वाळली की माझं काम संपलं."

ताईने तिला हाताला धरून जिन्यापाशी नेलं. "वहिनी, एक सांगते, कुणाला बोलू नकोस. वचन मोडलंय मी."

"म्हणजे?"

"रविवारी फोनवरून गोष्टी वाचून दाखवत होते तिला. पुस्तक तिच्या हातात, आवाज माझा. पुन्हा पुन्हा तीच गोष्ट, ती मागेल तितक्यांदा. एक अक्षर वेगळं काढून शिकवलं नाही, आणि बघ कशी वाचते पोर." ताईचे डोळे चमकत होते. "आज जेवणानंतर मास्तरांना सांगणार आहे. बघू दे त्यांना."

वहिनी खरं काय ते सांगायला गेली. तेवढ्यात खालून मास्तरांची हाक आली. त्यांना वर्गातलं बाक सरळ करायला मदत हवी होती. ते निमित्त होतं, हे वहिनीला वर्गात पाऊल टाकताक्षणी कळलं. बाक सरळच होतं.

"सूनबाई, तुमच्या सासूबाईंना कळू देऊ नका," मास्तर दाराकडे नजर ठेवून म्हणाले. त्यांच्या पुढ्यात वाळूचा ट्रे होता. "सकाळी झाडांना पाणी घालायला ती येते ना माझ्याबरोबर, तेव्हा थोडं थोडं गिरवून घेत होतो. खेळ म्हणून. शब्दापर्यंत गेलोच नाही मी, तेवढं वचन पाळलं. पण पाया पक्का झाला की इमारत आपोआप चढते, ते खोटं नाही." ते ट्रेमधली वाळू तळहाताने सारखी करत राहिले. "थोरलीला आज कळेल."

वहिनी जिना चढून वर आली. दोघांनी चोरून शिकवलं होतं. दोघांनी अर्ध्यावर सोडलं होतं. आणि पोर फाडफाड बोलायला लागल्यावर दोघांनीही मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटून घेतली होती. हसावं की रडावं कळेना. आता हे फुटलं तर भिंगरी कुणाची तरी हार ठरणार होती, वाढदिवसाच्या दिवशी, सगळ्यांसमोर.

"वहिनी, बसा की," भाऊजी म्हणाला. "केव्हापासून बघतोय, पायाला चाकं लावल्यासारख्या फिरताय."

"भाऊजी, त्या कागदात काय आहे?"

त्याने मान खाजवली. "मास्तरांनी लिहिलेलं ते जुनं वाचनपुस्तकच. नवी आवृत्ती. पानांची मांडणी ताईने नव्याने केलीय."

"मास्तरांना माहीत आहे?"

"नवी आवृत्ती येतेय, एवढं माहीत आहे. अक्षरांची पानं आहेत का असं त्यांनी विचारलं, मी आहेत म्हणालो. ताईने विचारलं काढलीस का, मी काढली म्हणालो. दोघांचंही समाधान झालं."

"आणि खरं काय?"

"खरं आता उघडल्यावर कळेलच," भाऊजी म्हणाला आणि पाण्याचा तांब्या घेऊन तिथून सटकला.

सगळे टेबलाशी बसले. भिंगरी उशीवर चढून बसली, पाय हलवत. वहिनीने उशीखाली हात घातला, पण तिच्या आधीच ताईने कागद फाडला होता.

"आज जुनं नको," ताई म्हणाली. "वाढदिवसाला नवंकोरं पुस्तक. यातली पहिली प्रत भिंगरीची."

"ताई, तिला जुन्याची सवय आहे," वहिनी म्हणाली. आवाज तिला वाटला त्यापेक्षा मोठा निघाला.

"अगं, गोष्टी त्याच आहेत."

"राहू दे ना आज जुनंच."

"सूनबाई, ज्याला वाचता येतं त्याला जुनं काय आणि नवं काय," मास्तर म्हणाले. लेकीच्या बाजूने ते बोलले असे प्रसंग विरळच, आणि त्यातला एक नेमका आज यावा. "घे भिंगरे. बकरीची गोष्ट."

वहिनीने माईंकडे पाहिलं. माई पातेल्याच्या झाकणाकडे पाहत होत्या.

भिंगरीने पुस्तक हातात घेतलं, हुंगलं आणि हसली. मग तिने सुरुवातीची पानं एका चिमटीत धरली आणि एकदम उलटली. जुन्या पुस्तकात पहिली पानं अक्षरांची असायची. ती ओलांडली की बकरी भेटायची. ते अंतर तिच्या बोटांना पाठ होतं.

"एक होती बकरी," तिने खणखणीत आवाजात सुरुवात केली. नजर समोर, मास्तरांच्या चेहऱ्यावर. "तिच्याकडे होता एक कंदील. गावात अंधार पडला की बकरी कंदील घेऊन निघायची."

उघड्या पानावर नावाडी होता. मोठी होडी, वल्ही, मासे. बकरी कुठेच नव्हती.

सगळ्यांत आधी भाऊजीच्या लक्षात आलं. त्याने ग्लास उचलला आणि पाणी न पिताच खाली ठेवला. मग ताईची मान हळूहळू पुढे झुकली. भिंगरीने पान उलटायच्या जागी पान उलटलं, खाली पाहिलं, आणि तिला होडी दिसली. आवाज बारीक झाला. तरी ती थांबली नाही. "वाटेत तिला भेटली कोंबडी," ती म्हणाली, आणि बोट तिने माशावर ठेवलं.

"थांब," मास्तर म्हणाले. त्यांनी हात लांब करून पुस्तक ओढून घेतलं. पहिल्यापासून पानं चाळली, पुन्हा चाळली. "अक्षरं कुठायत?"

"मास्तर, आधी हे बघा, की तिला..."

"माझी अक्षरांची पानं कुठायत?"

"काढली मी," ताई म्हणाली. "आता तो विषय नाहीये. ही पोर वाचत नाहीये, दिसत नाही का तुम्हाला? पाठ म्हणतेय."

"दिसतंय की. हे तुझ्या गोष्टींचं फळ. गोष्ट ऐकवा, गोष्ट ऐकवा. ऐकली तिने. पाठ केली."

"तुम्हाला कसं कळलं मी ऐकवत होते?"

"मला भिंगरी सांगते सगळं."

"मला पण सांगते. वाळू घेऊन बसायचात ना रोज सकाळी? मग आलं का तिला एक तरी अक्षर?"

"वचन दिलं होतंत तुम्ही दोघांनी," माई म्हणाल्या, पण त्यांचं कुणी ऐकलं नाही.

"मी तिला घेऊन जाते माझ्याकडे," ताई म्हणाली. "एक वर्ष. माझ्या शाळेत असं एकही मूल निघत नाही."

"कुठेही जायचं नाही. उद्यापासून खाली वर्गात, पहिल्या बाकावर. पहिल्या अक्षरापासून."

"सात वर्षांची आहे ती, मास्तर. तीन वर्षांच्या पोरांत बसवणार तिला?"

"चूक झाली की पहिल्यापासून सुरू करायचं असतं. तुलाही मी तसंच..."

"मला माहीत आहे तुम्ही मला कसं शिकवलंत."

भाऊजी म्हणाला, "जेवण निवतंय." दोघांनी त्याच्याकडे असं पाहिलं, की तो खुर्ची मागे सरकवून बसला. "छापली तूच ना," मास्तर त्याला म्हणाले. "आहेत म्हणाला होतास."

"ती कुठेही जाणार नाही," वहिनी म्हणाली.

सासरी आल्यापासून तिने या टेबलावर वाढलं होतं, विचारलं होतं, ती हसली होती. असं कधी बोलली नव्हती.

"तुमच्या वर्गात नाही आणि ताईंच्या शाळेतही नाही. मला कालच कळलं, आणि मी लपवलं. तुम्ही दोघं असंच कराल हे मला माहीत होतं म्हणून. तुम्ही इतका वेळ तिच्याबद्दल बोलताय. ती खुर्चीवर आहे का, ते तरी बघा."

खुर्ची रिकामी होती. उशी खाली पडली होती.

वहिनीने मास्तरांच्या हातातून नवं पुस्तक घेतलं. का घेतलं ते तिलाही सांगता आलं नसतं. तिथे राहिलं असतं तर पुन्हा त्याच्यावरून ओढाताण झाली असती, एवढंच. ती जिन्याकडे गेली.

भिंगरी जिन्याच्या वळणावर बसली होती, गुडघ्यांत हनुवटी घालून. वरचं टेबल तिथून दिसत नसे, पण बोलणं सगळं ऐकू येई. वहिनी तिच्या शेजारी बसली. जागा अरुंद होती, दोघी एकमेकींत रुतल्यासारख्या बसल्या.

"माझं चुकलं का?" भिंगरीने विचारलं.

"नाही."

"होडीचं नव्हतं येत मला. ते ताईआत्याने वाचूनच दाखवलं नाही कधी." तिने नाक पुसलं. "मास्तरांना सगळी पुस्तकं येतात. ते कपाट भरून आहेत ना, तेवढी. मला एवढी कधीच पाठ होणार नाहीत आई. मी खूप करते, तरी."

काल रात्रभर वहिनी स्वतःला विचारत होती की पोरीने आपल्याला फसवलं कसं. पोरीने कुणालाच फसवलं नव्हतं. तिला वाचणं म्हणजे हेच वाटत होतं. मोठी माणसं पुस्तक उघडतात आणि त्यांना ते येत असतं. आपल्यालाही यावं म्हणून ती एकटीच, कुणाला न सांगता, एवढं ओझं डोक्यात भरत बसली होती.

"मास्तरांना एकही पुस्तक पाठ नाही," वहिनी म्हणाली.

"खोटं."

"शपथ. त्यांना कालची भाजी कुठली होती तेसुद्धा आठवत नाही."

भिंगरीला हसू फुटलं, पण लगेच ती गंभीर झाली. "मग कसं म्हणतात?"

"बघून. ते कागदावर असतं. डोक्यात ठेवावंच लागत नाही."

भिंगरीने पुस्तकाकडे नव्यानेच पाहिल्यासारखं पाहिलं. वहिनीने सुरुवातीची पानं सावकाश उलटली. बकरी आता पहिल्याच पानावर होती. कंदील तोच, कोंबडी तीच, झोपलेलं गाव तेच. गोष्टीच्या शेवटच्या पानाशी येऊन वहिनी थांबली. त्यावर चित्र नव्हतंच, खाली एकच ओळ होती. दुकानात एक डोळा झाकतात तसं तिने हाताने अर्धी ओळ झाकली.

"मला येतं हे," भिंगरी म्हणाली. "आणि बकरी घरी गेली."

"असेल. बघ आहे का."

"आणि बकरी," भिंगरीने बोट ठेवलं, आणि तिथवर सगळं जुळलं. वहिनीने हात थोडा सरकवला. भिंगरी बराच वेळ वाकून पाहत राहिली. वर कुणीतरी खोकलं. कुणी बोलत नव्हतं.

"हे मास्तरांचं आहे," ती हळूच म्हणाली. "वाळूतलं. हे पुस्तकात पण असतं?"

"असतं. काय म्हणतात त्याला?"

"न." तिने बोटाने हवेत गिरवून पाहिलं. "पण 'घरी'मध्ये न कुठे असतो?"

ओठांवर आलेलं उत्तर वहिनीने दात आवळून आत ठेवलं. एवढी कठीण गोष्ट तिने दुकानात कधी केली नव्हती.

"न. आणि हे... द. नाही, दी. न, दी." बोट घामाने ओलं झालं होतं, कागदावर डाग उमटला. "नदी. मग हे व. नदीव... नदीवर." ती थांबली, मागे गेली, पहिल्यापासून पुन्हा आली. आवाजात चढउतार नव्हता, झोक नव्हता. एकेक अक्षर अंधारात पाय चाचपावा तसं. "आणि बकरी. नदीवर. गे, ली. गेली."

तिने झटकन मान वर केली. "आई, इथे वेगळंच लिहिलंय. ती घरी गेलीच नाही."

वर खुर्ची करकरली.

"नदीवर?" मास्तरांचा आवाज आला. "कुणी बदललं हे? माझ्या गोष्टीत बकरी घरी..."

"मी बदललं," ताई म्हणाली. तिचा आवाज बसला होता. "लहानपणी मला वाटायचं, सगळे शेवटी घरीच का जातात म्हणून."

"पण वाक्य माझं..."

"अहो, गप्प बसा," माई म्हणाल्या. "पोर वाचतेय."